बारा दारांची पवारणा

“मग सही करू की नको, भन्तेजी?”

हिमानीने हे तिसऱ्यांदा विचारलं होतं. भन्ते उपसेन विहाराच्या ओट्यावर बसून चीवराचा उसवलेला काठ शिवत होते आणि दोरा काही केल्या सुईत जात नव्हता.

“आधी हे ओवून दे,” ते म्हणाले, आणि सुईदोरा ओट्यावर ठेवला.

तिने तो उचलून एका झटक्यात ओवला आणि परत ठेवला. भन्तेजींनी सुई उचलली, दोन टाके घातले. प्रश्न तसाच राहिला.

दोघांच्या मधे ओट्यावर एक अर्ज पडला होता. वारा उडवेल म्हणून हिमानीने त्यावर आपली पाण्याची बाटली ठेवली होती. दुसऱ्या वर्षाला असलेल्या हिमानी साळुंखे हिला घराजवळच्या कृषी महाविद्यालयात बदली मिळावी, असा तो अर्ज होता. तिकडे एक जागा रिकामी झाली होती. सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत अर्ज ऑफिसात गेला तर ती जागा तिची, नाहीतर पदवी होईपर्यंत इथेच. कराडहून वडिलांनी सही करून अर्ज पाठवला होता. तिची सही तेवढी राहिली होती आणि आज रविवार होता.

भन्तेजींविषयी थोडं सांगायला हवं. भिक्षू होऊन चीवर घेण्याआधी एकतीस वर्षं ते विदर्भात एसटीचे कंडक्टर होते. अजूनही प्रवचनाला माणसं दाराशी घोटाळली की ते “पुढे सरका, पुढे जागा आहे” असं ओरडत. तिथल्याच एका शहराबाहेरच्या टेकडीवर त्यांचा लहानसा विहार होता आणि टेकडीच्या पायथ्याशी हिमानीचं कॉलेज. झाडं लावायला म्हणून ती इतर मुलींबरोबर एकदा वर आली होती. इतर मुली नंतर आल्या नाहीत. ही दर रविवारी ध्यानाला येत राहिली, कारण रविवारी होस्टेलमध्ये तिच्याशी बोलायला कुणी नव्हतं.

“जायचं काहून आहे?” भन्तेजींनी विचारलं.

हिमानीची तयारी झालेलीच होती. चौदा महिने झाले, तिने सांगितलं, एकही मैत्रीण नाही. मुली सारखा गोंगाट करतात. मालिकांवर बोलतात. नोट्स हव्या असल्या की दार वाजवतात, नोट्स मिळाल्या की पाठ फिरवतात. तिने कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. पहिल्या वर्षाला ती कॉलेजात दुसरी आली, तरी अभिनंदन करायला कुणी आलं नाही. इथली माणसंच वेगळी आहेत, असं ती म्हणाली, आणि मग आपण कुणासमोर बोलतोय हे ध्यानात येऊन जराशी वरमली.

“म्हणजे चूक कोणाची?”

“माझी नाही,” हिमानी म्हणाली. विचार करायला तिला क्षणही लागला नाही.

भन्तेजींनी मान डोलवली.

“सही केली तं पळशील. नाही केली तं अडकशील.”

“मग?”

त्यांनी सुई काठात टोचून ठेवली. गुडघ्यावर हात देऊन उठले, ओट्यावरून खाली उतरले आणि हिमानीसमोर जमिनीवर उकिडवे बसले. शहात्तर वर्षांच्या माणसाला असं टाचांवर बसणं सोपं नसतं. तोल सावरायला त्यांना ओट्याची कड धरावी लागली. हिमानी गडबडून उठायला लागली.

“बस. उद्या आश्विनी पौर्णिमा. वर्षावास सरला. पावसाळ्याचे तीन महिने आम्ही भिक्षू एका जागी राहतो, एकमेकांसंगं. उद्या जायला मोकळे. पण जायच्या आधी एक काम असते.”

“कोणतं?”

“पवारणा. मी उद्या त्या दोघा पोरांपुढे असा बसीन, अन् विचारीन. तुले आज विचारतो. तूही चौदा महिने मले पाहून राहिली.”

विहारातले दुसरे दोघे भिक्षू पंचविशीच्या आतले होते. त्यांच्यापुढे हे म्हातारबाबा उकिडवे बसणार, ही कल्पनाच हिमानीला सहन होईना. पण भन्तेजी बोलायला लागले होते. हात त्यांनी गुडघ्यांवर ठेवले होते, कारण गृहस्थापुढे भिक्षू हात जोडत नाही. बाकी सगळं रीतीप्रमाणे.

“माझ्यात काही खोट पाहिली असशील, कोणाकडून आयकली असशील, नुसती शंका आली असंल... तं दया करून सांग.”

“भन्तेजी, तुमच्यात काय खोट असणार?”

“पाहिली असशील, आयकली असशील, शंका आली असंल.”

हिमानी बाटलीचं झाकण फिरवत बसली.

“पाय दुखून राहिले, बाई. लवकर सांग.”

हिमानीला हसू आलं, आणि हसण्याच्या भरात खरं ते तोंडातून निसटलं. “ध्यानाच्या वेळी तुम्ही झोपता. आणि मग डोळे उघडून सांगता, आज मन फार स्थिर होतं.”

“खरं आहे,” भन्तेजी म्हणाले.

ती थांबली. आता ते वयाचं काहीतरी सांगतील, पहाटे चारला उठण्याचं सांगतील, असं तिला वाटलं. त्यांनी काहीच सांगितलं नाही. नुसते पुढच्याची वाट बघत बसले.

“आणि प्रवचनाला आलेल्या बायका प्रश्न विचारतात तेव्हा तुम्ही अर्धाच ऐकता. उत्तर आधीच सुरू करता.”

या वेळी त्यांनी ओट्याची कड पुन्हा धरली. तिच्या लक्षात आलं की हे त्यांना लागलं.

“पाहतो,” ते म्हणाले, आणि ओट्याला धरून उठले.

हिमानी घाबरून बसली होती. पण गंमत अशी की एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच भन्तेजी तिला आपले वाटले. इतके दिवस ती त्यांना मान देत होती. आज तिला त्यांच्याविषयी माया वाटली, आणि असं का व्हावं ते तिला कळेना.

“तुमच्या माळ्यावर खोल्या किती?” भन्तेजींनी विचारलं.

“बारा.”

“आज बारा दारं वाजव. एकही चुकवायचं नाही. जिच्याशी पटत नाही तिचं तं नाहीच नाही. हेच विचार. अन् कोणी काही सांगितलं तं दोनच उत्तरं. खरं आहे, नाहीतं पाहते. तिसरं बोलायचं नाही.”

“आणि तिचं साफ खोटं असलं तर?”

“मंग ‘पाहते’.”

“मी हे करणार नाही,” हिमानी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. “मी नोट्स दिल्या त्यांना. त्यांनी मला काय दिलं? आणि आता मीच त्यांच्या दारात जाऊन माझे दोष मागू?”

“तुले जायचंच आहे ना?”

“हो.”

“मंग भेतं कोणाला?”

तिने बाटली उचलली, अर्जाची घडी केली आणि रागारागाने टेकडी उतरली.

दुपारभर ती खोलीत पडून राहिली. तिच्याबरोबर खोलीत राहणारी कुंदा मडावी खिडकीशी बसून कलमांच्या प्रात्यक्षिकाची वही लिहीत होती. कुंदा गडचिरोलीकडची, कमी बोलणारी. चौदा महिने दोघी एका खोलीत झोपत होत्या आणि त्यांच्यात ‘पंखा लावू का’ याच्यापलीकडे फारसं बोलणं झालेलं नव्हतं. चार वाजता हिमानी ताडकन उठली. इथून जायचंच आहे तर लाज कुणाची, असं स्वतःशी म्हणून तिने चप्पल घातली आणि पहिल्या दाराशी गेली.

पहिल्या खोलीतल्या मुलींना वाटलं की ही वर्गणी मागायला आली. प्रश्न ऐकून त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. तसं काही नाही गं, चांगली आहेस की तू, असं म्हणून त्यांनी तिला वाटेला लावलं. हिमानीला सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या खोलीतही तेच झालं.

तिसऱ्या खोलीत अश्लेषा होती. तिला असं गोड बोलता येत नसे.

“खरं सांगू? मेसमध्ये तू कानात ते हेडफोन घालून बसतेस. आम्ही ताट घेऊन शेजारी आलो की उठतेस. तीनदा झालं. चौथ्यांदा आम्ही आलोच नाही.”

तिचं जेवण तेव्हा झालेलं असे. हे अगदी खरं होतं आणि ओठांवर आलंही होतं. हिमानीने ते गिळलं.

“खरं आहे,” ती म्हणाली.

अश्लेषा भांडायच्या तयारीत होती. समोरून काहीच आलं नाही म्हटल्यावर तिची पंचाईत झाली. बस ना, चहा टाकते, ती म्हणाली. हिमानीने अजून नऊ दारं बाकी आहेत असं सांगितलं.

ही बातमी तिच्या आधीच पुढच्या खोल्यांत पोचली. होस्टेलमध्ये बातमीला पाय लागत नाहीत. पाचव्या दारापासून मुली तयारच होत्या. नोट्स देतेस पण अशा देतेस की उपकार केल्यासारखं वाटतं. “खरं आहे.” आमच्या बोलण्यावर तू हसतेस. तिने कधी तसं केलं नव्हतं, निदान तिला आठवत नव्हतं. “पाहते.” वाढदिवसाला बोलावलं तर परीक्षा आहे म्हणालीस, परीक्षा तर पुढच्या महिन्यात होती. “खरं आहे.” दुसरी आलीस तेव्हा तुझं अभिनंदन करायला आम्ही दाराशी आलो होतो. आतून ‘अभ्यास चालू आहे’ असं ओरडलीस. हिमानीला ते आठवलं. इतके दिवस ज्यांची ती वाट बघत होती, त्या मुली तिच्या दारावरून परत गेल्या होत्या. “खरं आहे,” ती म्हणाली, आणि या वेळी आवाज थोडा फाटला.

सातव्या दारापाशी ती थबकली. परत फिरावं असं तिला फार वाटलं. पण मागे वळून पाहिलं तर मागच्या सगळ्या खोल्यांतल्या मुली बाहेर येऊन उभ्या होत्या. कुणी हसत नव्हतं. अश्लेषाने लांबूनच हात केला, की जा पुढे.

ती पुढे गेली. आठवं, नववं, दहावं. अकराव्या दारातून बाहेर पडली तेव्हा तिला घाम आला होता आणि अंग हलकं झालं होतं. असं हलकं तिला परीक्षा संपल्यावरही वाटलं नव्हतं. झालं एकदाचं, असं म्हणत तिने आपल्या खोलीचं दार ढकलायला हात लावला.

हात तिथेच थांबला.

हे बारावं दार होतं.

हिमानीने हात मागे घेतला आणि स्वतःच्याच खोलीचं दार वाजवलं.

आतून कुंदाचा आवाज आला, “उघडंच तं आहे.”

कुंदा खिडकीशीच होती. वही मिटलेली होती. बाहेर काय चाललं आहे ते तिने सगळं ऐकलं होतं, आणि आपला नंबर येणार का याची ती वाट बघत होती. हिमानीने उंबऱ्यातच उभं राहून विचारलं. पाहिलं असेल, ऐकलं असेल, शंका आली असेल, तर सांग.

कुंदाने पेनाला टोपण लावलं.

“सांगितलं तं रागावशील.”

“नाही रागावणार.”

“पहिल्या दिवशी तू बॅगा ठेवल्या अन् बाहेर निघाली. मी मागून हाक मारली. जेवाले चल म्हणून. तू पाहिलंही नाही.” तिने वहीचा कोपरा सरळ केला. “मले वाटलं, माझं हे गावाकडचं बोलणं आयकून वळली नाही. मंग मी पुन्हा कधी हाक मारली नाही.”

हिमानीला ती हाक ऐकूच आली नव्हती. पहिल्या दिवशी जिन्यापर्यंत ती रडत गेली होती आणि आपण रडतोय हे कुणाला दिसू नये म्हणून घाईने चालत होती. हे सगळं सांगता आलं असतं. दोन वाक्यांत सगळं साफ झालं असतं. पण ते सांगायचं नव्हतं. आणि ‘खरं आहे’ म्हणणं खोटं झालं असतं, ‘पाहते’ म्हणणं त्याहून वाईट. चौदा महिने एक मुलगी स्वतःच्या बोलण्याची लाज धरून शेजारच्या पलंगावर झोपत होती. हिमानीला आपलीच चीड आली, आणि मग नुसतं वाईट वाटलं.

ती वळली. दाराबाहेर गेली, जिन्याच्या दिशेने सात-आठ पावलं चालली आणि खोलीकडे पाठ करून उभी राहिली.

“हाक परत मार,” ती म्हणाली.

खोलीतून काही आवाज येईना. हिमानी जिन्याकडे बघत उभी राहिली. आता हाक आली नाही तर उद्या सही करून अर्ज ऑफिसात देऊन टाकायचा, असं तिने ठरवलं होतं.

“हिमानी...”

आवाज आधी दबका होता. मग कुंदा दारात आली असावी, कारण दुसरी हाक थेट जिन्यापर्यंत घुमली.

“ए हिमानी, जेवाले येतेस का?”

हिमानी वळली.

ती रडत होती आणि या वेळी ते सगळ्यांना दिसलं. कुंदाही रडत होती, आणि डोळे पुसत म्हणत होती की जेवायला अजून दोन तास आहेत. पहिल्यांदा अश्लेषा हसली, मग सगळ्याच. मग कुणीतरी म्हणालं, आता माझ्यातही काय खोट आहे ते सांगा गं, आणि त्यावर तर इतका कल्ला झाला की खालच्या माळ्यावरून रेक्टरबाई बघायला आल्या. बारा खोल्यांतल्या मुली ओळीने व्हरांड्यात बसल्या होत्या आणि एकमेकींच्या खोटी काढत होत्या. रेक्टरबाईंनाही दोन सांगितल्या. त्या ‘पाहते’ म्हणाल्या.

मेसची घंटा झाली तेव्हा हिमानी सगळ्यांत पुढे होती. त्या रात्री जेवताना ती इतकं बोलली की तिचा घसा बसला.

सोमवारी सकाळी लेक्चर बुडवून ती टेकडीवर गेली. बरोबर कुंदा होती. टेकडी त्या पळतच चढल्या. भन्तेजी ओट्यावर ऊन खात बसले होते.

“झाली तुमची पवारणा?” हिमानीने धापा टाकत विचारलं. आवाज बसलेलाच होता.

“पहाटेच झाली. माझ्यात नऊ खोटी निघाल्या.”

“माझ्यात एकतीस.”

भन्तेजींनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग त्यांचं सगळं तोंड हसायला लागलं. “हरवलं मले,” ते म्हणाले.

तिने सगळं सांगितलं, दार न् दार. एका ठिकाणी नियम मोडला तेही सांगितलं. खरं आहे आणि पाहते यांच्यापलीकडचं आपण एक बोललो.

“काय बोललीस?”

“हाक परत मार.”

भन्तेजींनी कुंदाकडे पाहिलं. पुन्हा हिमानीकडे पाहिलं. मग खांद्यावरचं चीवर विनाकारण सारखं केलं.

“तं आता तू जायला मोकळी,” ते शेवटी म्हणाले.

कुंदा जमिनीकडे बघायला लागली. तिने काल रात्रीपासून अर्जाविषयी एक शब्द विचारला नव्हता, आणि सकाळी डब्यात हिमानीच्या वाटणीचे पोहे मात्र भरून घेतले होते.

“मला जायचं नाहीये,” हिमानी म्हणाली. बसलेल्या आवाजातही ते वाक्य विहाराच्या आतपर्यंत ऐकू गेलं. “मी राहणार आहे. हा बघा, फाडतेच.”

तिने वहीतून अर्ज काढला आणि दोन्ही हातांत धरला.

“फाडू नको,” भन्तेजी म्हणाले. “सही कर.”

कुंदाने दचकून वर पाहिलं.

“भन्तेजी, मी हा अर्ज ऑफिसात देणार नाही. पाच वाजोत नाहीतर सहा.”

“नको देऊ.”

“मग सही कशाला?”

भन्तेजींनी हाताने ओट्यावरची धूळ झटकली.

हिमानीने त्यांच्याकडे पाहिलं, मग कुंदाकडे. कुंदाने खिशातून पेन काढून तिच्यापुढे धरलं. तिने हिमानीकडे पाहिलं नाही, पण पेनही मागे घेतलं नाही. हिमानीने ओट्यावर कागद पसरला आणि वडिलांच्या सहीच्या खाली, ठळक अक्षरांत, आपलं पूर्ण नाव लिहिलं. मग घडी केली आणि वहीत ठेवून दिली.

“हं,” भन्तेजी म्हणाले. “ज्याले जाता येते ना बाई... त्यालेच राहता येते.”